रोजची गाडी आणि ऑटोक्रॉस: सस्पेन्शन बदलण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा, पिळ खाणारा आडवा बीम) असलेल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांसाठी आहेत: स्विफ्ट, बलेनो, पोलो, आय२०, टियागो, अल्ट्रोझ. आठवडाभर ऑफिस, शाळा, घाट, गावाकडची फेरी आणि अधूनमधून एखाद्या रविवारी ऑटोक्रॉस, म्हणजे मांडलेल्या शंकूंमधून (कोन) घड्याळाशी झुंज, असा वापर धरला आहे. फक्त स्पर्धेसाठी ट्रेलरवरून नेलेल्या गाडीला यातलं बरंच लागू होत नाही.

सगळ्यात आधी काय बदलू?

आधी गाडी रॅम्पवर घ्या आणि आहे ते तपासा. बुश (सांध्यांमधले रबरी भाग) फाटलेले असताना नवे स्प्रिंग घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये पहार लावून हलवा. रबर धातूपासून सुटलेलं दिसलं की ब्रेक लावताना चाक मागेपुढे सरकतं आणि अलाइनमेंट (चाकं कोणत्या कोनात आहेत ती मांडणी) कागदावरच राहतं. लिंक रॉड हाताने हलवून बघा, खडखडला तर बदला. गाडी जमिनीवर असताना कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि स्प्रिंगवर हात ठेवा. स्प्रिंग अडकून झटक्याने सुटत असेल तर स्ट्रट माउंटचं बेअरिंग गेलं आहे. शॉकवर नुसता धुळीचा ओलसर थर असेल तर घाबरू नका, पण तेलाचा ओघळ असेल तर तो संपला. टायरच्या कडेला थोड्या थोड्या अंतराने खळगे पडले असतील तरी संशय शॉकवरच. बॉनेट दाबून गाडी किती वेळा हलते ते मोजण्याच्या चाचणीत फक्त पूर्ण मेलेला शॉक सापडतो. अर्धा गेलेला त्यातून पास होतो.

हे झाल्यावर आमचा क्रम असा: टायर, हवा, अलाइनमेंट, शॉक, मागचा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कल रोखणारी सळई) आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंग. बहुतेक लोक स्प्रिंगपासून सुरुवात करतात, कारण खाली बसलेली गाडी देखणी दिसते. पण यादीतल्या पहिल्या पाच गोष्टी चाकाचा वर-खाली प्रवास खात नाहीत, स्प्रिंग खातात. आपल्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाडीत सगळ्यात मौल्यवान गोष्ट हा प्रवासच आहे.

या प्रवासाला इतकं महत्त्व का?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गल्लीतले गतिरोधक यापेक्षा अरुंद आणि चढे असतात हे सांगायला नको. खड्ड्यात किंवा गतिरोधकावर चाक वर जातं, तेव्हा बम्प स्टॉपला (प्रवास संपतो तिथला रबरी ठोकळा) टेकण्याआधी त्याला जागा हवी.

ती किती उरली आहे ते मोजता येतं. शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक झिप टाय हलकी आवळा आणि खाली सरकवून शॉकच्या तोंडाशी आणा. दोन दिवस नेहमीच्या रस्त्यावर चालवा, मग स्पर्धेच्या दिवशी पुन्हा खाली आणून ठेवा. चाक जितकं वर गेलं तितकी झिप टाय दांड्यावर वर सरकलेली दिसेल. समजा गाडी उभी असताना बम्प स्टॉपपर्यंत ६५ मिमी जागा आहे. ३५ मिमी खाली बसवणारे स्प्रिंग घातले की ३० मिमी उरतात. मग वळणात गाडी कलते आणि बाहेरचं चाक बम्प स्टॉपवर टेकतं. त्या क्षणी त्या कोपऱ्याचा ताठरपणा एकदम कितीतरी पट वाढतो. पुढे असं झालं तर गाडी वळायची थांबते आणि सरळ निघते. मागे झालं तर शेपूट अचानक सुटते. ‘नवे स्प्रिंग घातल्यापासून गाडी कधी कशी वागेल सांगता येत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

कडक स्प्रिंगने वळणातला वजनाचा सरकाव कमी होतो ना?

नाही. कमी होतो तो कल. बाहेरच्या चाकांवर जाणारं एकूण वजन चार गोष्टींवर ठरतं: गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर.

चालकासह ९५० किलोची गाडी, ०.९ जी चं (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट जोराचं) वळण, गुरुत्वमध्य ५३० मिमी वर आणि चाकांमधलं अंतर १.५ मीटर धरा. आतल्या चाकांवरून बाहेर सुमारे ३०२ किलो सरकतात. तीच गाडी २५ मिमी खाली आणली तर २८८ किलो. फरक १४ किलोंचा.

मग कडक स्प्रिंगचा उपयोग काय? दोन गोष्टी होतात. कल कमी झाला की बाहेरचा टायर जमिनीवर अधिक सपाट राहतो आणि स्लॅलममध्ये (ओळीतल्या कोनांमधून नागमोडी जाताना) गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर लवकर येते. शिवाय पुढे आणि मागे ताठरपणाचं प्रमाण बदलून तो ३०२ किलोंचा सरकाव कोणत्या ॲक्सलने जास्त सोसायचा हे ठरवता येतं. गाडीचा स्वभाव बदलतो तो याच प्रमाणाने.

२५-३० मिमी खाली केली तर निदान नुकसान तरी नाही ना?

मॅकफर्सन स्ट्रटमध्ये आहे. मूळ उंचीला लोअर आर्म साधारण आडवा किंवा बाहेरच्या टोकाला थोडा खाली उतरता असतो. गाडी खाली आणली की त्याचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा वर जातं. त्यामुळे रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली येतो आणि दोहोंमधलं अंतर वाढतं. म्हणजे गाडीला कलवणारा जोर वाढतो. नव्या स्प्रिंगचा थोडा कडकपणा हे नवं नुकसान भरून काढण्यातच जातो. चाक वर जाताना कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल) आतल्या बाजूला वाढायला हवा, तोही कमी वाढतो. चाकाला स्टिअरिंगशी जोडणाऱ्या टाय रॉडचा कोन बदलल्यामुळे खड्ड्यावर चाक आपोआप किंचित वळतं आणि हातात स्टिअरिंग ओढल्यासारखं वाटतं. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावून घ्यावा लागतो.

१५ ते २० मिमीपर्यंत हे सगळं सहन होतं. त्याखाली जायचं तर बॉल जॉइंटची उंची बदलणारे भाग लागतात आणि रोजच्या गाडीत आम्ही तिथे जाणार नाही.

टायर कोणते, कोणत्या मापाचे?

रुंदी १० मिमीने वाढवा, बाहेरचा व्यास मूळच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवा. १८५/६५ आर१५ चा व्यास ६२१.५ मिमी. १९५/६० आर१५ चा ६१५ मिमी, म्हणजे जेमतेम एक टक्का कमी: उत्तम पर्याय. १९५/५५ आर१५ चा ५९५.५ मिमी, चार टक्क्यांहून जास्त कमी. त्यात गिअर थोडे छोटे वागतात हा फायदा, पण गाडी १३ मिमी खाली येते, स्पीडोमीटर जास्त वेग दाखवतो आणि खड्ड्यात रिमला मार बसतो. मोठ्या रिमवर कमी उंचीचा टायर घालायचा मोह होतो. रिम वाकल्यावर किंवा टायरच्या कडेला फुगा आल्यावर तो महाग पडतो.

हवा किती ठेवायची?

चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा हा आरंभबिंदू. स्पर्धेला पुढे त्यापेक्षा ४ पीएसआय आणि मागे २ पीएसआय जास्त घेऊन सुरू करा. टायरवरची कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका. टायरच्या खांद्यावर, जिथे छोटा त्रिकोण छापलेला असतो तिथे, खडूने किंवा पांढऱ्या शू पॉलिशने आडवी रेघ ओढा. एक रन करून बघा. रेघ त्रिकोणाच्याही खाली, भिंतीकडे पुसली गेली तर टायर दुमडतोय, २ पीएसआय वाढवा. त्रिकोणापर्यंत पोचलीच नाही तर २ पीएसआय कमी करा. रनमागून रन टायर तापतो आणि हवा वाढते, तेव्हा प्रत्येक रननंतर मोजून ठरलेल्या आकड्यावर आणा. गाडी अजूनही वळायला आळशी असेल तर मागची हवा थोडी वाढवून शेपूट मोकळी करता येते. घरी निघण्याआधी हवा पूर्ववत करा. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर विसंबू नका, स्वतःचा गेज घ्या.

अलाइनमेंट किती आणि कसं?

पैशाच्या मानाने सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. अशा गाड्यांत पुढचा मूळ कॅम्बर शून्याच्या आसपास असतो आणि त्यामुळे वळणात बाहेरचा टायर खांद्यावर घासतो. रोजच्या वापरासह आमचं लक्ष्य उणे १.३ ते उणे १.८ डिग्री. डाव्या-उजव्यातला फरक ०.२ डिग्रीच्या आत.

स्विफ्टसारख्या गाडीत स्ट्रट नकलला (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) दोन बोल्टने जोडलेला असतो. वरच्या बोल्टच्या जागी एक्सेन्ट्रिक कॅम्बर बोल्ट घातला की साधारण एक ते दीड डिग्री मिळते. हा बोल्ट मूळच्यापेक्षा बारीक असतो, त्यामुळे त्याच्या पाकिटावर लिहिलेला टॉर्कच द्यायचा. मूळ बोल्टचा टॉर्क दिला तर तो ताणला जातो, कमी दिला तर पहिल्याच खड्ड्यात कॅम्बर सरकतो. बसवल्यावर बोल्टच्या डोक्यावर आणि नकलवर रंगाची सलग रेघ मारा. रेघ तुटली की बोल्ट फिरला. पोलोत स्ट्रट नकलच्या खोबणीत बसतो आणि एका बोल्टने आवळला जातो, तिथे हा उपाय चालत नाही. वरच्या बाजूला कॅम्बर प्लेट लागते आणि तिचा आवाज रोज ऐकावा लागतो.

कॅम्बर बदलला की टो (वरून पाहताना चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) बदलतोच, म्हणून टो नेहमी शेवटी लावायचा. शून्य किंवा दोन्ही चाकं मिळून १ मिमी टो-आउट पुरे. टायर खातो तो मुख्यतः टो. उणे दीड डिग्री कॅम्बर आणि शून्य टो असलेली गाडी टायर व्यवस्थित झिजवते, पण त्याच कॅम्बरला ३ मिमी टो-आउट दिला तर आतली कड झपाट्याने संपते. अलाइनमेंट करताना चालकाच्या सीटवर चालकाएवढं वजन ठेवायला सांगा आणि आधीचा-नंतरचा प्रिंट मागून घ्या. मागच्या टॉर्शन बीमवर फिरवण्यासारखं काही नसतं. तिथे फरक हवाच असेल तर स्टब ॲक्सलमागे शिम (पातळ चकती) घालतात, पण त्याची क्वचितच गरज पडते.

शॉक कोणते घेऊ?

मूळ उंची आणि मूळ स्प्रिंग ठेवून फक्त चांगले शॉक, ही रोजच्या गाडीसाठी आमची सगळ्यात आवडती खरेदी आहे. स्लॅलममध्ये गाडी डावी-उजवी होताना कलण्याचा वेग शॉक ठरवतो, किती कलायचं ते स्प्रिंग आणि बार ठरवतात. ऑटोक्रॉसमध्ये गाडी एका वळणात स्थिरावेपर्यंत पुढचं वळण येतं, म्हणून इथे शॉकचा वाटा मोठा.

बिल्स्टाइनचा बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी आणि बी८ खाली बसवलेल्या गाडीसाठी, आखूड बांधणीचा. ही अदलाबदल करू नका. कोनीच्या पिवळ्या स्पोर्ट शॉकमध्ये रिबाउंड (शॉक परत लांबताना तो करतो तो विरोध) कमी-जास्त करता येतो. केवायबीचा एक्सेल-जी हा मूळ दर्जाचा बदली शॉक आहे, स्पर्धेचा नव्हे, पण थकलेल्या मूळ शॉकपेक्षा कितीतरी बरा. ऑर्डर देण्याआधी भाग क्रमांक भारतीय मॉडेलशी ताडून पाहा. युरोपातली पोलो इथल्यापेक्षा खाली बसते.

रिबाउंड लावायचा असेल तर पूर्ण मऊपासून सुरू करा आणि थोडाथोडा वाढवा. फार कडक केला तर खडबडीत जागी चाक खाली येण्याआधीच पुढचा उंचवटा येतो. गाडी पायरी-पायरीने खाली बसत जाते आणि टायर जमीन सोडतो. चालकाला मात्र गाडी ‘टाइट’ वाटत असते, म्हणूनच ही चूक ओळखायला अवघड.

स्प्रिंग बदलायचेच असतील तर किती कडक?

मूळच्यापेक्षा २० ते ३० टक्के. सुस्थितीतले मूळ शॉक इतपत कडकपणा सांभाळतात. त्यापुढे रिबाउंड अपुरा पडतो आणि गाडी उड्या मारते. पुढच्या कोपऱ्यावर २५५ किलो आणि २० न्यूटन प्रति मिमी स्प्रिंग धरला तर झोक्याची वारंवारता १.४ हर्ट्झ येते. २६ न्यूटनला १.६ हर्ट्झ. दोनच्या पुढे गेलात की घरचे मागच्या सीटवर बसायला नाही म्हणतील.

मागचा हिशेब वेगळा करा. मागच्या प्रत्येक चाकावर १०० किलो वाढले, म्हणजे दोन-तीन माणसं आणि सामान, आणि चाकापाशी ताठरपणा २० न्यूटन प्रति मिमी असला तर मागची बाजू ४९ मिमी खाली बसते. आधीच ३० मिमी खाली असलेल्या गाडीत गणपतीला कोकणात जाताना याचा अर्थ काय होतो ते ताम्हिणी किंवा भोर घाटातल्या पहिल्याच खड्ड्यात कळतं.

स्प्रिंगचा एक वेढा कापला तर?

करू नका. सहा कार्यरत वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग २० टक्के कडक होतो आणि गाडी खालीही येते, पण कापलेलं टोक सीटमध्ये नीट बसत नाही. चाक हवेत लटकलं की स्प्रिंग जागेवरून सुटतो आणि परत बसताना वाकडा बसतो.

कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकचा संच) घेऊ का?

उंची वारंवार बदलायची गरज कोणाला आहे, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. घेणारच असाल तर खालची नळी फिरवून उंची बदलणारा प्रकार घ्या, त्यात प्रवास कायम राहतो. फक्त स्प्रिंगची थाळी खाली आणणाऱ्या प्रकारात गाडी जितकी खाली, तितका प्रवास कमी. स्विफ्ट-पोलोत मागे स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे असतात, म्हणून मागची उंची वेगळ्या ॲडजस्टरने लागते. आपल्याकडचा पावसाळा आणि चिखल आटे धरतो. बसवतानाच आट्यांना अँटी-सीझ लावा आणि पावसाळ्यानंतर गाडी रॅम्पवर घेऊन आटे धुवा, नाहीतर पुढच्या वर्षी नट फिरणार नाही.

मागचा अँटी-रोल बार काय करतो?

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची मूळ खोड म्हणजे अंडरस्टिअर: स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ निघणं. मागचा ताठरपणा वाढवला की वजनाच्या सरकावाचा मोठा हिस्सा मागचा ॲक्सल घेतो. पुढचं आतलं चाक जमिनीला धरून राहतं, त्यामुळे गाडी वळतेही आणि साधा डिफरन्शियल असूनही वळणातून निघताना आतलं चाक जागच्या जागी कमी गरगरतं. मागचं आतलं चाक थोडं उचललं जाईल, ते चालतं.

बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिमीचा बार २२ चा केला तर तो ४६ टक्के कडक होतो. दोन मिमी वाढवणं म्हणूनच किरकोळ नाही. धोका एकच, पण खरा: ओल्या घाटात वळणाच्या मधोमध ॲक्सिलरेटर सोडला तर शेपूट बाहेर येऊ शकते. घरात एकाहून जास्त जण गाडी चालवत असतील तर सगळ्यात मऊ बार किंवा मऊ छिद्र निवडा, आणि मागचे टायर पुढच्यापेक्षा जास्त झिजलेले ठेवू नका.

पॉलियुरेथेन बुश, स्ट्रट ब्रेस (दोन्ही स्ट्रटची वरची टोकं जोडणारी पट्टी)?

फक्त लोअर आर्मच्या मागच्या बुशला पॉली घालण्यात अर्थ आहे. सिलिकॉन ग्रीस लावूनच बसवा, नाहीतर ते किरकिरतात. स्ट्रट ब्रेसवरचे पैसे टायरवर घाला.

गॅरेजमध्ये बसवताना काय चुकतं?

सगळ्यात मोठी आणि न दिसणारी चूक: गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली असतानाच लोअर आर्मचे आणि टॉर्शन बीमचे बुश बोल्ट आवळणं. रबर त्या स्थितीत घट्ट होतं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. हे बोल्ट चाकांवर वजन असतानाच शेवटचे आवळायचे. समोर उभे राहा आणि तसं करून घ्या.

दुसरी चूक, स्ट्रटचा वरचा नट इम्पॅक्ट गनने फिरवणं. दांडा आत गरगर फिरतो आणि नव्या शॉकचं सील जातं. ॲलन कीने दांडा धरून हाताने आवळायचा. जुने बम्प स्टॉप आणि धूळ-कव्हर परत घालू नका, आणि बम्प स्टॉप काढून टाकणं तर नाहीच. लॉक नट नवे घ्या. स्प्रिंग कम्प्रेसर दोन्ही बाजूंनी समान आवळलेला हवा, आणि दाबलेल्या स्प्रिंगच्या टोकासमोर कोणीही उभं राहू नये.

काम सुरू होण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. नंतर सुमारे ३०० किमी चालवा, स्प्रिंग बसू द्या, पुन्हा मोजा आणि मगच अंतिम अलाइनमेंट करा.

ट्रॅक मातीचा किंवा मुरुमाचा असेल तर?

आपल्याकडचे बरेच ऑटोक्रॉस तसेच असतात, आणि मग वरचं अर्धं उलटं होतं. मूळ उंची, मूळ स्प्रिंग, चांगले शॉक, कॅम्बर उणे अर्धा ते एक डिग्री, टो शून्य. कडक बार सोडवून ठेवा. चाकाखाली पकड कमी असताना सरकाव कमी आणि कल कमी, तिथे प्रवास जास्त हवा. इंजिनखालचं संरक्षक कवच मात्र घाला. तुमच्या भागात दोन्ही प्रकार होत असतील तर गाडी मातीला चालेल अशी ठेवा आणि डांबरावर हवा व टायरने भागवा.

कायदा आणि विमा?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपत्रातले तपशील मूळ निर्मात्याच्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करू देत नाही. त्याच मापाचा शॉक बदलणं ही दुरुस्ती. उंची, रिम, बार यांच्या बाबतीत आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना आधी लेखी विचारा. खासगी गाडीच्या नेहमीच्या विम्यात आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणजे कोनांमध्ये झालेलं नुकसान तुमच्या खिशातून. स्पर्धेत उतरण्याआधी आयोजकांचे वर्गाचे नियम आणि एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटर स्पोर्टची नियामक संस्था) अटी वाचा. एका बारमुळे गाडी वरच्या, जास्त सुधारलेल्या गाड्यांच्या वर्गात जाऊ शकते.

अमेरिकेत राहतो, तिथे क्रम बदलतो का?

नियमच क्रम ठरवतात. एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) सोलो, म्हणजे ऑटोक्रॉस, स्पर्धेत स्ट्रीट वर्गात मूळ स्प्रिंगच ठेवावे लागतात, शॉक बदलता येतात आणि टायरचा ट्रेडवेअर आकडा (टायर किती टिकतो त्याचं मानांकन) २०० किंवा जास्त हवा. थोडक्यात, टायर, अलाइनमेंट, शॉक.

एकाच वेळी सगळं बदललं तर वेळ वाचेल ना?

गॅरेजचा वाचेल, पण गाडी बिघडली तर कशाने ते कळणार नाही. एक बदल करा, तीन-चार रन घ्या, मग पुढचा. प्रत्येक रनला हवा, वेळ आणि पाडलेले कोन लिहा. पहिला रन सोडून द्या, टायर थंड असतात आणि रस्ताही लक्षात बसलेला नसतो. दिवसाअखेर मूळ सेटिंगवर परत येऊन एक रन घ्या. तो सकाळपेक्षा वेगवान निघाला तर सुधारणेचा काही भाग रस्ता पाठ झाल्याचा होता, आणि वहीतला फरक तेवढा कमी धरा.